लाकूड आणि पत्र्याच्या सांध्यावर कोणती पुट्टी टिकेल?

प्रश्न असा आहे: जुन्या पिकअपच्या मागच्या भागाला सागवानी लाकडाची गोलाई दिली आहे आणि ती पुढे पोलादी पत्र्याला येऊन मिळते. जोड दिसू नये म्हणून दोन्हींवरून सलग बॉडी फिलर (खड्डे भरून आकार देणारी पुट्टी) ओढलं, घासलं आणि एकाच रंगात रंगवलं. दोन महिन्यांत बरोबर जोडावर केसासारखी चीर आली, आणि दोनचार पाऊस पडून गेल्यावर पत्र्याच्या बाजूने रंगाला फोड आले. आता सगळं उकरून पुन्हा करायचं आहे, तर या वेळी काय वापरावं? साधं पॉलिएस्टर फिलर, काचतंतू मिसळलेलं फिलर, की एपॉक्सी पुट्टी?

मी वीस वर्षांहून जास्त काळ बॉडीचं काम करतोय आणि त्यातली बरीच वर्षं लाकडी सांगाड्याच्या जुन्या गाड्यांवर गेली आहेत. म्हणून थेट सांगतो. या तिन्हींपैकी कुठलंच फिलर त्या रेषेवर टिकणार नाही. महागातलं घेतलंत तर दोन महिन्यांऐवजी आठ महिने जातील, पण चीर त्याच जागी येईल. तुमच्या हाताला दोष देऊ नका. घासकाम आणि रंगकाम तुम्ही नीट केलं असावं, नाहीतर चीर इतकी सरळ आणि बारीक आली नसती. फिलरला जमणार नाही असं काम त्याच्यावर सोपवलं गेलं, खरी चूक तिथे आहे.

त्या जोडावर मुळात तीन वेगवेगळी कामं आहेत. लाकूड पत्र्याला धरून ठेवणं हे पहिलं, पाणी आत जाऊ न देणं हे दुसरं आणि वरून आकार सलग दिसणं हे तिसरं. फिलर फक्त तिसऱ्यासाठी बनवलेलं असतं. तुम्ही एकाच थरावर तिन्हींचा भार टाकलात. ही तीन कामं तीन वेगळ्या गोष्टींकडे सोपवली की प्रश्न सुटतो, आणि मग फिलर साधंच चालतं.

चीर जोडावरच का येते हे एकदा आकड्यांत बघा, म्हणजे पुढचं सगळं पटेल.

लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं, आणि त्याबरोबर फुगतं, आकसतं. सागवान या बाबतीत फार शांत लाकूड मानलं जातं. तरीही पूर्ण ओलं असल्यापासून पूर्ण वाळेपर्यंत वलयांच्या दिशेने ते सुमारे ५.८ टक्के आकसतं आणि गाभ्यापासून सालीकडे जाणाऱ्या दिशेने सुमारे २.५ टक्के. जुन्या गाड्यांच्या सांगाड्यात वापरलं जाणारं अॅश नावाचं लाकूड वलयांच्या दिशेने ७.८ टक्के किंवा त्याहूनही जास्त आकसतं. लांबीत मात्र कुठलंही सरळ रेषांचं (तंतूंचं) लाकूड जवळजवळ हलत नाही. हा सगळा फरक ओल साधारण ३० टक्क्यांवरून शून्यावर येताना पडतो. आता तुमची फळी २०० मिलिमीटर रुंद आहे आणि कोरड्या दिवसांपासून ओल्या दिवसांपर्यंत तिच्यातली ओल ६ टक्क्यांनी वाढली असं धरा. रेषांना आडवी ती दोन मिलिमीटरहून थोडी जास्त रुंद होते. फळी गाभ्यातून उभी चिरलेली असेल तर हाच फरक एका मिलिमीटरच्या आसपास राहतो.

पत्र्याला ओलीचं काही नाही, पण तो उन्हात वाढतो. एक मीटर पोलाद १५ अंशांवरून ६५ अंशांवर गेलं की ०.६ मिलिमीटर लांब होतं, अॅल्युमिनियम जवळपास त्याच्या दुप्पट. गडद रंगाचा पत्रा उन्हात उभा असेल तर ६५ अंश ही काही फार मोठी गोष्ट नाही. त्याच उन्हात लाकूड मात्र वाळून आकसत असतं. म्हणजे दुपारी पत्रा वाढतो आणि लाकूड कमी होतं, आणि पावसाळी थंड रात्री बरोबर याच्या उलट होतं. शिवाय गाडी चालते, बॉडी पिळवटते, खड्ड्यात आदळते, ते वेगळंच.

आता जोडावर या. लाकूड आणि पत्रा एकमेकांना टेकलेले, वर फिलरचा सलग थर. दोघांत अर्ध्या मिलिमीटरची हालचाल झाली तर ती फिलरच्या कितीशा लांबीवर पडते? जवळजवळ शून्य लांबीवर, कारण दोन्ही बाजूंना फिलर घट्ट चिकटलेलं आहे आणि मोकळी जागा फक्त त्या रेषेपुरती. तो अर्धा मिलिमीटर सगळाच्या सगळा एका केसाएवढ्या रुंदीला ताणतो. वाळलेलं पॉलिएस्टर फिलर म्हणजे पॉलिएस्टर रेझिन आणि शंखजिऱ्याची पूड, ते ताणलं जात नाही, तुटतं. एपॉक्सी पुट्टी जास्त चिवट असते, पण तिलाही एवढा ताण एका रेषेवर झेपत नाही. काचतंतू घातले तर ती रेषा तुटण्याऐवजी शेजारी, जिथे चिकट (चिकटल्याची पकड) सगळ्यात कच्चा आहे तिथून, सगळा थरच सुटतो. फिलर जितकं चांगलं चिकटतं तितका ताण जास्त एका जागी गोळा होतो. म्हणून ‘अजून मजबूत काहीतरी’ शोधण्याच्या वाटेने जाऊ नका.

याउलट लाकूड आणि पत्र्यामध्ये ३ मिलिमीटर जाडीचा लवचीक पॉलियुरेथेनचा थर आहे असं समजा. तोच अर्धा मिलिमीटर आता ३ मिलिमीटर जाडीवर पसरतो, म्हणजे साधारण १७ टक्के. हे मटेरियल शंभर टक्क्यांच्या पुढे ताणलं तरी तुटत नाही, त्यामुळे १७ टक्के त्याच्या खिजगणतीतही नसतात. गाडीची पुढची काच पत्र्याला नेमकी याच पद्धतीने धरलेली असते. काच आणि पोलाद उन्हात वेगवेगळे वाढतात, बॉडी पिळते, तरी काच वर्षानुवर्षं जागेवर राहते आणि पाणीही आत येत नाही. तिथे फिलर कोणी वापरत नाही.

पुढे जाण्याआधी एक काम करा, कारण बाकी सल्ला त्यावर अवलंबून आहे. जुनं फिलर उकरताना निघालेले तुकडे फेकू नका. उलटे करून उजेडात धरा. पत्र्याकडची बाजू गुळगुळीत असेल, तिच्यावर पत्र्याचे घासल्याचे ओरखडे जसेच्या तसे छापलेले असतील आणि खाली पत्रा स्वच्छ दिसत असेल, तर फिलर मुळात चिकटलंच नव्हतं. पत्र्यावर ग्रीस होतं, बोटांचं तेल होतं, किंवा कागद फार बारीक वापरला होता. तुकड्याच्या पाठीवर तपकिरी भुकटी असेल तर पाणी आधी पोचलं, गंज चढला आणि गंजाने थर उचलला. पत्र्यावर फिलरचा पातळ थर शिल्लक असेल आणि तुकडा मधूनच फाटला असेल, तर चिकट ठीक होता, मालच ताणाने तुटला. लाकडाकडच्या बाजूला लाकडाचे तंतू उपटून आले असतील तर तुमचा चिकट लाकडापेक्षा मजबूत होता, दोष फक्त हालचालीचा.

माझ्याकडे असाच एक मागचा दरवाजा आला होता. चौकट लाकडाची, कातडं पोलादाचं, कोपऱ्यावर दोन्हींवरून पुट्टी. वरून फक्त एक बारीक चीर दिसत होती. मी पटाशीचं टोक चिरेत घालून हलकंच उचललं तर तळहाताएवढा सलग पोपडा निघाला. पोपड्याच्या मधल्या भागात ओरखडे छापलेले, कडेला तपकिरी वलय, आणि लाकडाच्या बाजूला तंतूंची बारीक लव. एकाच तुकड्यात तीन गोष्टी लिहिलेल्या होत्या: चीर हालचालीने पडली, चिरेतून पाणी गेलं, पत्र्यावरचा कच्चा चिकट पाण्याने सोडवला. आणि खालचं लाकूड पत्र्याला जिथे थेट टेकलं होतं तिथे काळं पडलं होतं. लाकडातली आम्लं आणि लोखंड ओलीत एकत्र आले की हे होतं. त्यात दोघांचंही नुकसान होतं, पत्रा गंजतो आणि त्याच्याभोवतीचं लाकूड सडल्यासारखं मऊ होतं.

तुमच्या फोडांचं कारण बहुतेक हेच. शंखजिऱ्याचं साधं फिलर ओल धरतं. चिरेतून किंवा लाकडाच्या कापीव तोंडातून (जिथे तंतू आडवे कापले जातात त्या टोकातून) पाणी आत गेलं की ते फिलरमधून आडवं पसरतं, खाली पत्र्याला गंज येतो आणि वरचा रंग फुगतो. म्हणून फोडाची जागा चिरेपासून चारपाच सेंटिमीटर दूरही असू शकते. फोडापुरतं खरवडून पुन्हा भरलंत तर पुढचा फोड शेजारी येईल. निरोगी पत्रा लागेपर्यंत काढत जा.

आता कशावर काय अवलंबून आहे ते. तुमचं लाकूड एकसंध फळी आहे, की पातळ पट्ट्या चिकटवून वाकवलेलं आहे, की प्लाय आहे? प्लायमध्ये थर एकमेकांना आडवे असल्यामुळे सपाटीच्या दिशेने ते फार कमी हलतं, आणि अशा कामात मी शक्यतो मरीन प्लायच घेतो. लाकडाचे रेषे जोडाला समांतर आहेत की काटकोनात? गोलाईत फळीचं कापीव तोंड पत्र्याला भिडतंय की तिची कड? तो भाग नुसता दिखाव्याचा आहे की त्यावर वजन येतं, माणूस टेकतो, दरवाजा लटकतो? आणि पत्रा पोलादाचा आहे, जस्त चढवलेला आहे की अॅल्युमिनियमचा? हे न बघता कोणी एका डब्याचं नाव सांगितलं तर त्यावर विसंबू नका. एक गोष्ट मात्र परिस्थितीवर सोडत नाही: सीटबेल्टची जागा, सीटचे पाय, बिजागऱ्या, चेसिसला जाणारी कुठलीही पकड, हे चिकटवलेल्या लाकडावर कधीच नको. तिथे धातूला धातू आणि बोल्टच हवेत.

लाकूड आणि धातू कायमचे चिकटतच नाहीत असं मी म्हणत नाही. डी हॅविलंड हॉर्नेट या विमानाने १९४४ साली पहिलं उड्डाण केलं, आणि त्याच्या पंखांत लाकूड आणि अॅल्युमिनियम रेडक्स नावाच्या चिकटद्रव्याने जोडलेलं होतं. नॉर्मन द ब्रुइन यांच्या कंपनीने ते इंग्लंडमध्ये डक्सफर्डला तयार केलं होतं. पण तो जोड उष्णता आणि दाब देऊन, आखलेल्या रुंदीवर, विमान कारखान्याच्या शिस्तीत केलेला होता. गाड्यांच्या बॉडी बनवणाऱ्या जुन्या कारागिरांकडे ते नव्हतं आणि त्यांनी वेगळा मार्ग धरला: अॅशचा सांगाडा, त्यावर पत्रा, पत्र्याची कड लाकडाभोवती दुमडलेली आणि बारीक खिळ्यांनी धरलेली. मॉर्गनच्या गाड्यांत अॅशच्या सांगाड्याची रीत फार उशिरापर्यंत टिकून आहे. १९५३ ते १९७१ या काळात बनलेली मॉरिस मायनर ट्रॅव्हलर बघा. तिचं मागचं लाकूड उघडं आहे आणि पत्रा जिथे लाकडाला मिळतो तिथे सांधा स्वच्छ दिसतो. सांधा लपवण्याचा हट्ट नाही, म्हणूनच ती गाडी नीट राखली तर टिकते.

माझं मत यातूनच बनलं आहे. लाकूड आणि पत्र्याचा सांधा झाकू नका, तो आखून घ्या. तीन-चार मिलिमीटरची एकसारखी रेघ, दोन्ही कडा नीट गोलावलेल्या, मध्ये लवचीक सीलंट, म्हणजे फट बंद करणारा रबरासारखा माल. दरवाज्याभोवतीची फट कोणाला खटकत नाही, तशीच ही रेघही खटकत नाही. उलट तिरकी, लहान-मोठी चीर लांबूनही डोळ्यांत भरते.

हे करायचं कसं ते सांगतो.

लाकडापासून सुरुवात करा. ओलमापक मिळत असेल तर मोजा, ८ ते १२ टक्क्यांच्या दरम्यान असेल तरच पुढे जा. ओलं लाकूड सील केलंत तर ओल आतच कोंडली जाते. मग पातळ एपॉक्सीने ते सगळ्या बाजूंनी, म्हणजे जी बाजू पत्र्यामागे लपणार आहे तीसुद्धा, तीन हात देऊन बंद करा. कापीव तोंड रेझिन अधाशासारखं पितं, त्याला पोट भरेपर्यंत पाजत राहा. सागवानात नैसर्गिक तेल असतं, म्हणून रेझिन लावण्याच्या थोडंच आधी ताज्या कागदाने घासून अॅसिटोनच्या स्वच्छ कापडाने पुसा आणि वेळ न घालवता हात चालवा. दुसऱ्या दिवसावर टाकलंत तर तेल पुन्हा वर येतं. एपॉक्सी सुकल्यावर कधी कधी पृष्ठभागावर मेणचट साय येते. ती घासायच्या आधी पाण्याने आणि खरखरीत स्पंजने धुवा. घासून ती जात नाही, कागदाबरोबर पसरते.

पत्र्याच्या बाबतीत क्रम महत्त्वाचा आहे: आधी ग्रीस काढा, मग घासा, मग पुन्हा पुसा. आधी घासलंत तर ग्रीस ओरखड्यांत भरतं. ८० नंबरच्या कागदाने चमक पूर्ण घालवा. मग थोडं स्वच्छ पाणी शिंपडा. पाणी सलग पडद्यासारखं पसरलं तर पत्रा तयार, थेंब थेंब होऊन गोळा झालं तर अजून तेल आहे. पाणी लगेच पुसून वाळवा आणि गंजाची पिवळट झाक यायच्या आत एपॉक्सी प्रायमर मारा. अॅल्युमिनियमवर घासल्या क्षणापासून ऑक्साइड परत चढू लागतं, तिथे उशीर अजिबात नको, आणि लोखंडी तारेचा ब्रश किंवा स्टील वूल तर मुळीच नको, लोखंडाचे कण त्यात रुतून राहतात. पॉलिएस्टर फिलर येणार असेल त्या जागी खाली आम्लाचा एच (etch) प्रायमर, म्हणजे पत्र्याला किंचित खाऊन पकड घेणारा प्रायमर, टाळा. त्यातलं आम्ल फिलरच्या सुकण्यात ढवळाढवळ करतं.

पकडीसाठी पत्र्याला २५ ते ३० मिलिमीटरची आत वळलेली कड हवी. नसेल तर पट्टी वेल्ड करून द्या. लाकूड त्या कडेवर बसतं आणि मध्ये पॉलियुरेथेन किंवा तसाच लवचीक राहणाऱ्या एमएस पॉलिमरचा अॅडहेसिव्ह-सीलंट, म्हणजे चिकटवणारा आणि फटही बंद करणारा माल. इथे लोकांची नेहमीची चूक होते: बोल्ट करकचून आवळतात, सगळा माल बाजूने बाहेर येतो आणि कागदाएवढा थर उरतो. मग लवचीकपणा कशात राहणार? म्हणून मी ३ मिलिमीटर जाडीचे रबराचे छोटे तुकडे ठराविक अंतरावर ठेवतो आणि बोल्ट त्यांना टेकेपर्यंतच आवळतो. हे अॅडहेसिव्ह हवेतल्या ओलीवर सुकतं, साधारण दिवसाला ३ मिलिमीटर. रुंद जोडाच्या पोटात ते आठवडाभर कच्चं राहू शकतं, घाई करू नका. आणि सिलिकॉन गाडीच्या जवळही आणू नका. त्यावर रंग बसत नाही, आणि त्याचा अंश कापडावरून पत्र्यावर गेला तर रंगात माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात.

बोल्ट हवेतच, कारण चिकटद्रव्य सरळ ओढलं किंवा घासटलं तर खूप सोसतं, पण कडेपासून सोलायला लागलं की फार लवकर हार मानतं. सोलणं नेहमी टोकापासून सुरू होतं, म्हणून प्रत्येक टोकाशी एक बोल्ट द्या. मधलं एक भोक नेमकं ठेवा आणि बाकीची भोकं रेषांना आडव्या दिशेने लांबट करा, म्हणजे लाकूड मध्यावरून दोन्हीकडे सरकू शकेल. स्टेनलेसचे बोल्ट, मोठे वॉशर. लाकडातलं भोक आधी मोठं पाडायचं, जाड केलेल्या एपॉक्सीने भरायचं, सुकल्यावर त्यात हव्या त्या मापाचं भोक पाडायचं. मग बोल्टच्या बाजूने पाणी लाकडात शिरत नाही.

कडक एपॉक्सीने थेट चिकटवणं कधी चालतं? लाकडाचा तुकडा लहान असेल, रेषांना आडवा ७०-७५ मिलिमीटरच्या आत, नीट सील केलेला, आणि जागा फार तापणारी नसेल तर. साध्या तापमानाला सुकणारी बरीच एपॉक्सी ५०-६० अंशांच्या पुढे मऊ पडू लागतात, त्यामुळे बॉनेटवर किंवा गडद रंगाच्या टपावर त्यांच्या भरवशावर काही लटकवू नका. करायचंच असेल तर आधी दोन्ही बाजूंना नुसतं एपॉक्सी ब्रशने लावा, पाचदहा मिनिटं थांबा, लाकूड पिऊन कोरडं दिसलं तर पुन्हा द्या. नंतरच सिलिकाची बारीक पूड घालून जाड केलेलं एपॉक्सी भरा, इतकं जाड की काडीने ओढल्यावर टोक उभं राहील आणि वाकणार नाही. घासायला सोपी म्हणून मिळणारी हलकी पोकळ गोळ्यांची पूड आकारासाठी आहे, पकडीसाठी नाही, दोन्हींची गल्लत करू नका. क्लॅम्प फक्त माल कडेने जरासा बाहेर येईपर्यंत. आणि एपॉक्सीत हार्डनरचं (सुकवण्यासाठी मिसळायच्या दुसऱ्या भागाचं) प्रमाण ठरलेलं असतं, जास्त घातल्याने ते लवकर सुकत नाही, कायमचं मऊ राहतं.

आता फिलर. त्याला एकच नियम: एका थराखाली एकच माल. पत्र्यावरचं फिलर पत्र्याच्या कडेपाशी संपतं, लाकडावरचं लाकडाच्या कडेपाशी. रेघेच्या जागी मी नुसती ३ मिलिमीटरची प्लास्टिकची पट्टी मेण लावून उभी करतो, दोन्ही बाजूंनी तिच्यापर्यंत फिलर भरतो आणि दोन्ही बाजू एकाच लांब ठोकळ्याने एकत्र घासतो. त्यामुळे गोलाई दोन्हींवरून सलग धावते. मग पट्टी ओढून काढायची, कडा कागदाने जराशा मोडायच्या आणि प्रायमर आतपर्यंत पोचवायचा. रंग झाल्यावर रेघेत रंग घेणारं एमएस सीलंट भरायचं. पत्र्यावर पॉलिएस्टर फिलर चालतं, शक्य तितकं पातळ, ३ मिलिमीटरच्या आत. त्याहून खोल खड्डा असेल तर पत्राच ठोकून वर आणा. क्रीम हार्डनर वजनाने साधारण २ टक्के. जास्त घातलं तर महिन्या-दोन महिन्यांनी रंगावर पिवळट डाग येतात. लाकडावर मात्र मी पॉलिएस्टर टाळतो आणि एपॉक्सी फिलरच वापरतो. शिसवासारख्या तेलकट लाकडावर पॉलिएस्टर कधी कधी पूर्ण सुकतही नाही.

जोड अजिबात दिसायला नकोच असेल, तर त्यालाही प्रामाणिक मार्ग आहे, फक्त मेहनत जास्त आहे. लाकूड गाडीत ठेवू नका, त्याचा साचा म्हणून उपयोग करा. तुमची गोलाई लाकडात सुंदर घडली असेलच. तिच्यावर मेण आणि सुटणारा लेप लावून काचतंतूचे थर द्या, कवच उचलून घ्या आणि ते कवच पत्र्याच्या खाली घेतलेल्या कडेला रुंद लॅपने (एकावर एक चढवलेल्या जोडाने) जोडा. लाकूड गेलं की ओलीने फुगणं-आकसणंही गेलं. उरतो तो फक्त उष्णतेचा फरक, आणि रुंद, टप्प्याटप्प्याने उतरवलेला लॅप तो बऱ्यापैकी पोटात घेतो. तरीही गडद चकचकीत रंगाखाली कडक उन्हात जोडाची पुसट सावली दिसू शकते. फिकट रंग घेतलात तर पत्रा कमी तापतो आणि तीही दिसत नाही.

एवढ्या कामात हात घालण्याआधी एक नमुना करून बघा. तेच लाकूड, तोच पत्रा, तेच मटेरियल, हातभर लांबीचा तुकडा. रात्रभर पाण्यात, दिवसभर उन्हात, असं पाचसहा वेळा. मग पटाशीने सोलायचा प्रयत्न करा आणि निघालेल्या तुकड्याची पाठ वाचा, वर सांगितली तशीच. आठवडा जातो, पण गाडीवर चूक उघडी पडायला लागणारे महिने वाचतात.

हातमोजे नायट्राइलचे घाला. एपॉक्सी अंगाला लागलं तर साबण-पाण्याने धुवा, थिनरने नको, थिनर ते कातडीच्या आत नेतं. एपॉक्सीची अॅलर्जी एकदा लागली की आयुष्यभर सोडत नाही. माझ्या ओळखीच्या एका उत्तम कारागिराला त्यापायी हे काम सोडावं लागलं. घासताना नाका-तोंडावर चांगला मास्क आणि पॉलिएस्टर वापरताना दारं-खिडक्या उघड्या ठेवा.

शेवटी तुमच्या आजच्या गाडीबद्दल. जुनं फिलर जोडाच्या दोन्ही बाजूंना किमान दहा सेंटिमीटर, आणि फोड आहेत तिथे निरोगी पत्रा लागेपर्यंत काढा. लाकूड काळं पडलं असेल तर सुई टोचून बघा, मऊ लागलं तर तेवढा भाग कापून नवा तुकडा बसवा. मग लगेच काही भरू नका. जोड उघडाच ठेवून, पत्र्याला प्रायमरचा एक हात देऊन, लाकूड आधी सावलीत वाळू द्या. जोडावरून आरपार पेन्सिलीने तीनचार ठिकाणी सरळ रेघा मारा आणि प्रत्येक ठिकाणची फट फीलर गेजने (ठराविक जाडीच्या पातळ पात्यांच्या मापकाने) मोजून तारखेसह लाकडावरच लिहा. त्यानंतर तीनचार आठवडे गाडी रोजच्यासारखी चालवा, ऊन-पावसात उभी करा आणि दर आठवड्याला त्याच जागी मोजा. रेघा किती सरकल्या आणि फट किती बदलली ते तुमच्याच लाकडाचं खरं माप असेल, आणि सीलंटची रेघ किती रुंद ठेवायची ते त्यावरून ठरवा: दिसलेल्या हालचालीच्या किमान चौपट.